अक्षरशत्रू

संक्रांतीला चार दिवस उरले होते. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, आत्याच्या घरी, हळदीकुंकवाची साठ आमंत्रणं छापायची होती. मजकूर तयार, कागद तयार, टोनर नुकताच भरून आणलेला. संगणकही जवळजवळ नवाच म्हणायचा, कारण त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आदल्या रविवारी मीच अपग्रेड केली होती. प्रिंटर मात्र हूं की चूं करीना.

“दिवा तर लागून राहिला आहे ना त्याचा,” आत्या म्हणाली, “मग छापत काहून नाही?”

प्रश्न साधा होता, पण मी दोन दिवस त्यात बुडून गेलो. शनिवारपर्यंत हाच प्रिंटर सुरळीत चालत होता. रविवारी त्याला कुणी हातही लावला नव्हता. रोलर, लेझर, ड्रम सगळं जागच्या जागी होतं. बदल झाला तो केबलच्या दुसऱ्या टोकाला, आणि मुकं झालं ते हे टोक. याचा अर्थ, ज्याला आपण प्रिंटर म्हणतो त्याचा काही भाग त्या पांढऱ्या डब्यात राहतच नव्हता. तो संगणकात राहत होता, आणि अपग्रेड करताना मी त्याला घराबाहेर काढलं होतं.

तो भाग कोणता, हे शोधताना एक गोष्ट कळली आणि मी थक्क झालो. पंधरा वर्षं आरत्या, आमंत्रणं, भाडेकरार छापणारा आत्याचा प्रिंटर ठार अक्षरशत्रू आहे. त्याला ‘अ’सुद्धा कळत नाही.

एका ‘तिळगूळ’चा प्रवास

आमंत्रणातला एकच शब्द घेऊ: तिळगूळ. संगणकाच्या दृष्टीने हा शब्द म्हणजे सहा आकडे. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला आणि प्रत्येक मात्रेला आपापला क्रमांक असतो, त्यामुळे त, ऱ्हस्व इकार, ळ, ग, दीर्घ ऊकार आणि पुन्हा ळ असे सहा क्रमांक एकामागे एक साठवलेले असतात. गंमत अशी की साठवताना इकार ‘त’च्या नंतर येतो आणि दिसताना ‘त’च्या आधी. पडद्यावर अक्षर उमटण्यापूर्वी कुणाला तरी तो उचलून पुढे आणावा लागतो आणि ऊकार ‘ग’च्या पायाशी नेऊन बसवावा लागतो. हे काम संगणकातला एक छोटा प्रोग्राम फाँटमधल्या नियमांच्या आधाराने करतो.

मग फाँटमधून अक्षरांच्या आकृती येतात. या आकृती म्हणजे रेघा आणि वक्र, भूमितीतली समीकरणं. कागदावर समीकरण छापता येत नाही, तिथे ठिपकाच लागतो. म्हणून संगणक संपूर्ण पानावर एक अतिसूक्ष्म जाळी कल्पून प्रत्येक चौकटीला विचारतो: इथे काळं की पांढरं?

ही जाळी किती बारीक? साध्या लेझर प्रिंटरवरही इंचाला ६०० ठिपके असतात. ए-फोर कागद रुंदीला ८.२७ इंच आणि उंचीला ११.६९ इंच. गुणाकार केला तर एका पानावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके भरतात. आत्याच्या साध्या आमंत्रणासाठी तिचा संगणक साडेतीन कोटींच्या आसपास ‘हो की नाही’ अशी उत्तरं तयार करतो, आणि आपण तेवढ्यात चहाचा घोटही घेतलेला नसतो.

एका ठिपक्याला एक बिट धरला तरी पान सव्वाचार एमबीच्या वर जातं. आणि या वर्गातल्या कित्येक स्वस्त प्रिंटरांची स्वतःची मेमरी केवळ २ एमबी! म्हणजे जे पान तो छापतो ते अख्खं त्याच्या डोक्यात कधीच मावत नाही.

मग ते पान आत जातं कसं? दाबून, घडी घालून. अशा काही प्रिंटरांत जेबिग नावाची पद्धत वापरतात. काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठी, विशेषतः फॅक्ससाठी, ती १९९३ मध्ये प्रमाण ठरली. तिची युक्ती लोभस आहे. पुढचा ठिपका पाठवण्याआधी ती आधीच काढून झालेल्या दहा शेजारी ठिपक्यांकडे पाहते आणि अंदाज बांधते. शेजारी सगळे पांढरे असतील तर हाही पांढराच असणार. अंदाज बरोबर निघाला की पाठवायला जवळजवळ काही उरतच नाही. माहितीची भर पडते ती फक्त नवल घडलं तिथे, म्हणजे अक्षराच्या कडेला. कोरा कागद तिच्या लेखी जवळपास शून्य असतो.

घडी उलगडत जाते तसतसा लेझर चालू-बंद होतो. अनेक बाजूंचा एक आरसा गरागरा फिरत असतो, त्याची प्रत्येक बाजू लेझरच्या किरणाने ड्रमवर एक ओळ ओढते. मिनिटाला चौदा पानं छापणाऱ्या यंत्रात सेकंदाला दीड हजारांहून अधिक ओळी ओढल्या जातात. किरण पडला तिथला विद्युतभार उतरतो, तिथे टोनरची पूड चिकटते, कागद ती उचलून घेतो आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाचा रोलर ती वितळवून कागदात बसवतो. ड्रम फिरू लागला की थांबत नाही. पुढची ओळ वेळेवर आली नाही तर पान वायाच जाणार.

या सगळ्या प्रवासात प्रिंटरने ‘तिळगूळ’ हा शब्द एकदाही पाहिलेला नाही. त्याने फक्त ठिपके पाहिले.

हुशार प्रिंटर आणि आपली लिपी

सगळेच प्रिंटर असे अडाणी नव्हते. १९८५ मध्ये ॲपलने लेझररायटर बाजारात आणला, किंमत ६,९९५ डॉलर. त्याचा प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिंटॉश संगणकाहून वेगवान होता. त्याला पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा येत होती. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अडोबीची ती भाषा. संगणकाने फक्त सांगायचं, ‘या जागी या आकाराचं हे अक्षर काढ’, आणि ठिपक्यांचा सगळा हिशेब प्रिंटरने करायचा. त्याच्या पोटात तेरा फाँट कायमचे भरलेले होते. विद्वान यंत्र!

पण त्या विद्वानाला आपली लिपी येत नव्हती. टाइम्स, हेल्वेटिका, कुरियर अशा त्या फाँटांत देवनागरीचा पत्ता नव्हता. आपल्याकडच्या दुकानांतल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांचीही तीच गत. त्यांच्या चिपमध्ये अक्षरं कोरलेली होती, पण रोमन. त्या काळात मराठी पडद्यावर आणायची तर संगणकात वेगळं कार्ड बसवावं लागे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड अनेकांना आठवत असेल.

पुढे संगणक स्वस्त आणि वेगवान झाले. घरात एवढं मोठं डोकं आहेच, मग प्रिंटरला दुसरं कशाला द्या, असा हिशेब कंपन्यांनी केला. प्रिंटरमधला प्रोसेसर साधा झाला, मेमरी आटली, फाँट गेले, किंमत चार-पाच हजारांत आली. ठिपके मोजायचं काम संगणकाकडे गेलं आणि प्रिंटर नुसता हमाल उरला.

इथे माझ्यासारख्या मराठी माणसाला या अडाण्याबद्दल मायाच वाटू लागते. विद्वान प्रिंटरच्या दारात आपली अक्षरं परकी होती. अक्षरशत्रूच्या दारात सगळी सारखीच. मराठी असो, उर्दू असो, चिनी असो की नातवाने काढलेला हत्ती असो, त्याच्यासाठी सगळे काळे ठिपके. आपली देवनागरी घरोघर छापली जाऊ लागली यात युनिकोडचा आणि फाँट करणाऱ्यांचा वाटा मोठा आहेच, पण प्रिंटरच्या अडाणीपणाचाही थोडा आहे.

त्या अडाणीपणाची किंमत रविवारी माझ्या अपग्रेडने वसूल केली.

दुभाषी

स्वतःचं डोकं नसलेल्या यंत्राला कुणीतरी सतत हाताशी लागतो. संगणकात बसून पानाचे ठिपके करणारा, त्यांची घडी घालणारा आणि नेमक्या याच यंत्राला कळेल अशा हुकमांत गुंडाळून पाठवणारा. त्यालाच आपण ड्रायव्हर म्हणतो. नाव गाडी हाकणाऱ्याचं असलं तरी काम दुभाष्याचं आहे.

दुभाष्याचं मोल रायपूरला सांगायला नको. तात्यापारा हे नावच बघा: पुढे मराठी ‘तात्या’, मागे छत्तीसगढी ‘पारा’. १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं. ते चालवणारे माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे, तिघांची नावं मराठी. सप्रे यांनी पुढे ‘दासबोध’ हिंदीत नेला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ही नेलं. १९२६ मध्ये रायपुरातच ते गेले. चांगला दुभाषी दोन्ही घरी आपला वाटतो. पण एक घर बदललं की त्याचीच पंचाईत सर्वांत आधी होते.

ड्रायव्हरचं तेच होतं. तो प्रिंटरसाठी लिहिलेला असतो आणि तितकाच एका ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिमसाठीही. तिकडचे रिवाज बदलले की त्याला दारातच अडवलं जातं. ३२ बिटांची प्रणाली जाऊन ६४ बिटांची आली, तेव्हा जुने ड्रायव्हर अडले. विंडोज एनटी ४ मध्ये प्रिंटरचे ड्रायव्हर प्रणालीच्या अगदी गाभाऱ्यात बसत. तिथे एखादा अडखळला तर अख्खा संगणक कोसळायचा. विंडोज विस्टापासून त्यांना गाभारा बंद झाला. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनाने ३२ बिटांचे प्रोग्राम चालवणंच सोडलं, त्यांच्यासोबत कित्येक जुने दुभाषीही गेले.

या कडकपणामागे भीतीही खरी आहे. छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला स्पूलर म्हणतात आणि विंडोजमध्ये त्याच्या हाती फार मोठे अधिकार असतात. २०२१ च्या जून-जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची त्रुटी उघड झाली. ड्रायव्हर बसवण्याच्या वाटेनेच परका माणूस संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. त्यानंतर दारावरचे पहारे वाढले. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर पुरवणं आपण टप्प्याटप्प्याने थांबवणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि घरोघरी अपग्रेडची लाट आली. पंधरा वर्षांपूर्वी विकलेल्या यंत्रासाठी नवा दुभाषी लिहून कंपनीला काय मिळणार? यंत्र धडधाकट असतं, बोलणारा नसतो.

आणखी नवल पुढे आहे. यातल्या काही प्रिंटरांना झोपेतून उठल्यावर आपण प्रिंटर आहोत हेही आठवत नाही. एचपीचे लेझरजेट १०१८ आणि १०२० हे याचे प्रसिद्ध नमुने. स्वतःला चालवण्याचा प्रोग्राम ते कायमचा जवळ बाळगत नाहीत. बटण दाबलं की दर वेळी संगणकाने तो आत पाठवायचा, मग ते जागे होतात. दुभाषी गेला की अशा यंत्राची भाषाच नव्हे, ओळखही जाते.

म्हातारे का टिकले

आता बाजारातल्या एखाद्या ठोक व्यापाऱ्याच्या पेढीवर जा. तिथे टर्र टर्र करत बिलं काढणारा डॉट मॅट्रिक्स दिसेल. त्याची जात आत्याच्या लेझर प्रिंटरहून किती तरी जुनी. तरी तो नव्या संगणकाशी सुखाने बोलतो, हे कसं?

कारण त्याची भाषा गुपित नाही. एप्सनने १९८० च्या दशकात रूढ केलेली ईएससी/पी ही भाषा इतकी साधी आणि जगजाहीर आहे की इतर कंपन्यांनीही ती उचलली. २७ आणि ६९ हे दोन आकडे पाठवा, पुढची अक्षरं ठळक होतात. २७ आणि ६४ पाठवा, प्रिंटर पाटी कोरी करून नव्याने सुरुवात करतो. असा दुभाषी कुणीही पुन्हा लिहू शकतो. म्हणजे यंत्राचं आयुष्य त्याच्या वयावर ठरत नाही, त्याची भाषा किती जणांना येते यावर ठरतं.

आत्याच्या प्रिंटरची भाषा कोणती? हे त्यालाच विचारता येतं, याचं मला सर्वांत अप्रूप वाटलं. १९९४ पासूनच्या एका प्रमाण पद्धतीनुसार प्रिंटर केबलवरून आपली ओळख साध्या मजकुरात सांगतो: बनवणारा कोण, मॉडेल कोणतं, आणि एका रकान्यात, मला कोणत्या भाषा येतात. त्या रकान्यात पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट अशी सर्वांना ठाऊक असलेली भाषा असेल तर निम्मं काम झालं. प्रणालीतला सर्वसाधारण ड्रायव्हर निवडला की बहुतेक वेळा पान बाहेर येतं. आत्याच्या प्रिंटरने तिसरंच काहीतरी सांगितलं: एक खाजगी बोली, जी बाहेर कुणाला शिकवलीच नव्हती.

वाचणारा नसला की काय होतं, याचं उदाहरण याच मुलखात आहे. अठराव्या शतकात छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. त्या राजवटीचे मराठी कागद मोडी लिपीत असत. कागद आणि शाई टिकली तरी मोडी वाचणारा नसला तर ते दप्तर म्हणजे नुसती रद्दी. आत्याच्या प्रिंटरला असाच एक मोडी जाणणारा हवा होता.

बिनपगारी दुभाषी

असे जाणकार निघाले. त्यांची गोष्टही एका प्रिंटरपासूनच सुरू होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सने आपला एक लेझर प्रिंटर दिला. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा. नव्या प्रिंटरमध्ये तसं करायचं तर त्याचा मूळ प्रोग्राम हवा. तो ज्याच्याकडे होता त्याने कराराकडे बोट दाखवून नकार दिला. तो नकार स्टॉलमन विसरले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, आणि सॉफ्टवेअर सर्वांना वाचायला, दुरुस्त करायला मोकळं हवं ही चळवळ उभी राहिली.

त्या चळवळीच्या अंगणात पुढे लिनक्स ही मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम वाढली. मायकल स्वीट यांनी लिहिलेली कप्स ही छपाईची व्यवस्था १९९९ मध्ये आली, ॲपलनेही ती २००२ मध्ये मॅकवर घेतली. रिक रिचर्डसन या प्रोग्रामरने खाजगी बोलीच्या प्रिंटरांसाठी एकामागून एक मोकळे ड्रायव्हर लिहिले. अशी बोली उलगडायची कशी? मोडी शिकायची तशीच, तुलना करून. कोरं पान छापायचं आणि केबलमधून काय गेलं ते नोंदवायचं. मग एकच ठिपका असलेलं पान. मग तोच ठिपका थोडा सरकवून. कुठला आकडा बदलला? तो बहुधा जागा सांगतो. असं करत करत एक दिवस अख्खं वाक्य लागतं. पगार नाही, आपण वापरलेल्या यंत्रावर त्यांचं नावही नाही.

आत्याच्या संगणकाची नवी प्रणाली मी तशीच ठेवली. जुनी परत घालणं म्हणजे सुरक्षेच्या खिडक्या उघड्या टाकणं, आणि कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून ‘ड्रायव्हर’ उतरवणं म्हणजे चोरालाच किल्ली देणं. त्याऐवजी पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय हा संगणक घेतला, त्यात लिनक्स घातलं आणि प्रिंटरची केबल त्याला जोडली. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही हे काम करतो. मग त्या छोट्या डब्यात आत्याच्या प्रिंटरची बोली जाणणारा मोकळा ड्रायव्हर बसवला आणि प्रिंटर घरच्या वायफायवर खुला केला.

आता गंमत बघा. नव्या प्रिंटरांनी खाजगी बोली सोडून आयपीपी ही सामायिक भाषा धरली आहे. आयफोनमधून ड्रायव्हरशिवाय छपाई होते ती २०१० पासूनच्या एअरप्रिंटने, तीही याच भाषेवर उभी आहे. माझा छोटा डबा घरातल्या सगळ्या यंत्रांना आयपीपीत सांगतो, ‘मी नव्या जमान्याचा प्रिंटर आहे.’ त्यांच्याकडून पान घेतो, ठिपके करतो, घडी घालतो आणि आत्याच्या म्हाताऱ्याला त्याच्या बोलीत समजावतो. दुभाषी संगणकातून उठला आणि प्रिंटरच्या शेजारी येऊन राहिला. आत्याचा संगणक आता खुशाल कितीही वेळा बदलो.

ळ

संध्याकाळी आत्या चष्मा लावून समोर बसली. मी तिच्या मोबाइलवरूनच छापायला दिलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून ओळखीची घरघर आली, कागद खेचला गेला आणि ऊन ऊन पान बाहेर सरकलं. आत्याने ते घेतलं, आणि आमंत्रणाचा मजकूर न वाचता बोट थेट एका शब्दावर ठेवलं.

“ळ आला,” ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. तिच्या लग्नानंतर इथल्या छापखान्यात दिलेल्या पहिल्याच आमंत्रणावर ‘तिलगूल’ आलं होतं. हिंदीला ळ लागत नाही, म्हणून जुळाऱ्याच्या खणात तो नव्हता. जुळारी वाचता येणारा होता, त्याने आपल्या समजुतीने ‘ल’ बसवला. पुढे कितीतरी वर्षं ती छापून आलेल्या आमंत्रणांवर पेनाने ळ दुरुस्त करत बसायची.

मी त्या पानावरच्या दोन्ही ळ कडे पाहिलं. यांना खण लागला नव्हता, खिळा लागला नव्हता. आपण काय छापतोय हे ज्याला कळत नाही, त्याने आपल्या समजुतीने काही बदललंही नव्हतं. दिलेले ठिपके होते तसे उतरवले होते.

उरलेल्या एकोणसाठ प्रतींचा हुकूम मी दिला. म्हातारा न थांबता घरघरत राहिला, आणि आत्या तिळगुळाच्या पाकाकडे बघायला आत गेली.